टपली

त्याचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. शर्ट शिवायच्या कारखान्यातल्या बायकांपासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्याला टपलीवाला म्हणत, आणि तोही खुशाल ओ देई. शिलाई मशीनचा मेकॅनिक होता तो. बावीस मशीनची लांबच लांब शेड, वर पत्रा, खाली चिंध्यांचा सडा, आणि दिवसभर असा गोंगाट की नव्या माणसाला वाटावं, आपलं डोकंच कोणीतरी शिवायला घेतलंय. याला मात्र त्या गोंगाटात एकेका मशीनचा आवाज वेगळा कळायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला लावायचं, मूठ आपल्या कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. "शटल घासतंय." "खालचे दाते झिजलेत." नाहीतर धागा फार ताणला जात असला की बाईकडे बघून, "ताई, टेन्शन वाढलंय. मशीनचं मी कमी करतो, तुमचं तुम्ही बघा." हा विनोद बारा वर्षं जुना होता. बायका तरी हसत, कारण हसल्या नाहीत तर तो पुन्हा सांगायचा.

टपलीवाला हे नाव त्याला त्याच्या एका खोडीवरून पडलं होतं. मशीन दुरुस्त झालं, दोन वीत टीप सरळ धावली, की तो मशीनच्या डोक्यावर दोन बोटांनी एक टपली मारायचा आणि म्हणायचा, "जा, चाल आता." टपली पडली म्हणजे काम फत्ते. जे मशीन त्याच्याही हाताबाहेरचं असे, त्याला टपली नाही. त्यावर तो गुपचूप झाकण घालायचा आणि भिंतीकडे सरकवून ठेवायचा. कोणी काही विचारत नसे. झाकण पडलं म्हणजे भंगार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याला एकच मुलगी. चालायला लागली तेव्हापासून पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरीच पडलं. उभी राहिली की गोल फिरायची, फ्रॉक फुगवून, भिंती पळायला लागेपर्यंत. शाळा सुटली की ती कारखान्यात यायची, कटिंग मास्तरांच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसायची आणि बापाचं काम बघायची. बाप मशीनला टपली मारी तशी तिलाही मारी. पाढा बिनचूक म्हटला, टपली. दूध संपवलं, टपली. तिला ते इतकं सवयीचं झालं होतं की काही चांगलं केलं की ती स्वतःच डोकं पुढे करून उभी राहायची. एखाद्याने हात पुढे करावा तसं ती डोकं पुढे करायची.

"एवढंसं डोकं, किती वाजवशील," कटिंग मास्तर म्हणायचे. म्हातारे होते, कापड कापताना दातांत खडू धरायची सवय. "आतला मसाला सांडेल एखाद दिवस."

असं आपण हसत हसत काय काय बोलून जातो. पुढे तेच आठवत बसायचं.

ती सात वर्षांची होती. शनिवारी संध्याकाळी तिने सुईत धागा ओवला, बॉबिनची डबी पहिल्या झटक्यात बसवली आणि डोकं पुढे केलं. त्याने टपली मारली. नेहमीचीच, ना जास्त ना कमी. "जा, चाल आता," म्हणाला. ती फिरत फिरत फाटकापर्यंत गेली.

रविवारी सकाळी ती डाव्या कुशीवर झोपलेली. तो रोजच्यासारखा वाकला आणि वर असलेल्या उजव्या कानात म्हणाला, "उठा बाईसाहेब, कारखान्याचा भोंगा झाला." रोज ती यावर उशी फेकायची. आज हलली नाही. त्याने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. काही नाही. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार, असं म्हणून त्याने पांघरूण ओढलं. ती दचकून उठली, पलंगावरून उतरली आणि दोन पावलांत भेलकांडली.

"घर फिरतंय," ती म्हणाली.

"घर कशाला फिरेल? काल संध्याकाळभर तूच फिरत होतीस," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्या दिवशी तिला चारदा ओरडा बसला. हाक मारली की भलतीकडेच बघायची. "ऐकून न ऐकल्यासारखं करते," आई म्हणाली. "कानात बोळे घातलेत का?" तोही म्हणाला. भिंगरी रडकुंडीला आली आणि उजव्या कानात बोट घालून हलवायला लागली. मग त्यांना वाटलं, मळ असेल. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस थेंब घातले, कापूस लावला, ती बरी होईल म्हणून वाट पाहिली. वाट पाहणं हेच तेव्हा शहाणपणाचं वाटलं. चौथ्या दिवशी शाळेतून बाईंचा फोन आला, की मुलीला एका बाजूने काही ऐकूच येत नाहीये, आणि मग दोघं हातातलं काम टाकून मोठ्या दवाखान्यात धावले.

दवाखान्यात एक छोटी खोली होती, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. भिंगरीला आत खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन. आवाज आला की हात वर करायचा. बाप काचेच्या अलीकडे, तपासणाऱ्या मुलीच्या मागे उभा. डाव्या कानाला आवाज दिला, भिंगरीने हात वर केला. पुन्हा केला. मध्ये एक-दोनदा चुकली, पण करत होती. मग तपासणाऱ्या मुलीने बटण दाबून बाजू बदलली.

भिंगरीचा हात मांडीवर होता. मुलीने आवाज वाढवला. हात मांडीवरच. आणखी वाढवला. यंत्रावर दिवा लागत होता, आवाज जात होता, हे बापाला दिसत होतं. भिंगरी काचेतून त्याच्याकडे बघून हसली. खेळ कधी सुरू होतोय याची वाट बघत होती बिचारी. मुलीने बटण शेवटपर्यंत फिरवलं. जन्मभर बाप आवाजावरून रोग ओळखत आला होता. इथे तो नुसता उभा राहिला.

डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र लावलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. कानाच्या अगदी आत, हाडातून एक बारीक वाट जाते. हिची ती वाट जन्मापासूनच नेहमीपेक्षा रुंद आहे. दोन्ही बाजूंना. अशा मुलांचं ऐकणं कधी हळूहळू कमी होतं, कधी एका दिवसात जातं. आपण गोळ्या देऊन बघू, काही वेळा थोडं परत येतं.

"वाट रुंद," तो म्हणाला. त्याच्या धंद्यात याला ढिलाई म्हणतात. आणि ढिलाई असली की भाग बदलायचा. "बदलता येत नाही का तो भाग?"

"नाही. हाडाचीच घडण आहे ती."

"आम्ही उशीर केला का?"

"लवकर आला असता तर बरं झालं असतं. पण फरक पडलाच असता असं मी सांगू शकत नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता डावा कान जपायचा. तोही तसाच आहे. डोक्याला मार लागू देऊ नका."

तो उठायला निघालेला, परत बसला. "मार म्हणजे किती?"

"म्हणजे?"

"किती जोराचा?"

"तसं माप नाही हो. कधी मुलं जिन्यावरून पडतात आणि काही होत नाही. कधी अगदी लहानशा धक्क्याने होतं. बऱ्याचदा काहीच कारण सापडत नाही."

शेजारी बायको बसली होती. तिच्या देखत त्याला पुढचं विचारता आलं नाही. दोन बोटांची टपली, एवढंच विचारायचं होतं. त्याने उजवा हात खिशात घातला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर मुलीजवळ असताना, कामाची वेळ सोडली, तर तो हात खिशातून बाहेर आलाच नाही.

गोळ्या संपल्या. उजवा कान गेला तो गेलाच.

मग घराची तऱ्हाच बदलली. आई घरी मशीनवर शाळेची दप्तरं शिवायची. तिने टेबलाच्या, कपाटाच्या, पलंगाच्या कोपऱ्यांना दप्तराचा उरलेला स्पंज लावून वरून रेक्झिन शिवलं. फिरणं बंद. झोपाळा बंद. चेंडू बंद. शाळेत मधल्या सुट्टीत बाईंच्या शेजारी बसायचं. भिंगरीचं नाव भिंगरीच राहिलं, पण ती चालायची अशी की डोक्यावर भरली घागर आहे. फटाफट पायऱ्या उतरणारी पोर कठडा धरून उतरायला लागली. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शहाणी झाली. आईला त्या शहाणपणाचा राग यायचा.

एकदा दुपारी मुलगी शाळेत असताना आई मशीन थांबवून म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावू नका."

तो तेलाची कुपी पुसत होता. "बोल."

"त्या शनिवारी सकाळी ती वेणी घालू देत नव्हती. सारखी हलत होती. मी तिच्या डोक्यात फणी मारली. उलटी धरून." तिने हातातल्या दप्तराचा पट्टा पिळला. "जोरात नाही मारली. पण मारली. कोणाला सांगितलं नाही मी."

त्याला तेव्हा सांगता आलं असतं. ती वाटच बघत होती, कोणीतरी आपल्या शेजारी येऊन बसावं म्हणून. पण हा म्हणाला, "फणीने काय होतंय. डॉक्टर म्हणाल्या ना, कारण लागतंच असं नाही." शहाण्यासारखा बोलला. ती रडली आणि हलकी झाली. याच्या मनातलं मात्र मनातच कुजत राहिलं. बायकोचा गुन्हा माफ करून बसला, आणि स्वतःचा तिच्यापासून लपवला. याला काय म्हणायचं ते म्हणा.

कारखान्यात त्याचं काम चालूच होतं. मशीनला टपली मारावीच लागे. नाही मारली तर बायका बसायच्या नाहीत. "टपली राहिली," म्हणायच्या. भिंगरी अजून शाळा सुटल्यावर यायची, डावा कान बापाकडे करून स्टुलावर बसायची. बघायची. मशीन नीट झालं, टपली. दुसरं झालं, टपली. एक जुनं मशीन हाताबाहेर गेलं, त्यावर झाकण घालून त्याने भिंतीकडे सरकवलं. तेही तिने पाहिलं. सुरुवातीला ती पाढा म्हणून झाला की डोकं पुढे करायची. बाप म्हणायचा, "शाब्बास," आणि हात खिशात. दोन-चार महिन्यांनी तिने डोकं पुढे करणं सोडलं. पोरांना समजावून सांगितलं नाही की ती आपली आपणच समजून घेतात, आणि काय समजली ते विचारायचं कोणाच्या लक्षात येत नाही.

अशी दोन वर्षं गेली. ना पडली, ना कुठे आपटली. आई म्हणायची, "दोन वर्षं काढली की नाही? अशीच काढू." बापालाही वाटायला लागलं होतं की नशीब आपल्याला विसरलंय.

एका मंगळवारी भिंगरी घरी होती, थोडी सर्दी होती म्हणून शाळेला सुट्टी. आई दप्तराचा तळ शिवत होती, जाड कापड, मशीनचा नुसता खडखडाट. भिंगरी पलीकडे टेबलावर चित्र रंगवत बसलेली. कुठे धक्का नाही, ठेच नाही, काही नाही. रंगवता रंगवता मान वर करून म्हणाली,

"आई, मशीन का थांबवलंस?"

आईचा पाय मशीनच्या पायडलवर होता. मशीन चालू होतं.

बापाला कारखान्यात निरोप मिळाला तेव्हा तो एका मशीनला स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत होता. तो स्क्रूड्रायव्हर हातात तसाच घेऊन दवाखान्यात पोचला. या वेळी उशीर नव्हता. तासाभरात पोचले, त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं. जे जे करायचं ते सगळं वेळेवर केलं. काही उपयोग झाला नाही.

गादीच्या भिंतींची तीच खोली. या वेळी भिंगरी हसली नाही. खेळ तिला कळला होता. हात मांडीवर ठेवून ती काचेपलीकडच्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि त्याच्या तोंडावरूनच तिने निकाल वाचला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता ऑपरेशन करून आत एक यंत्र बसवता येतं. तपासण्या आहेत, नंबर लागायची यादी आहे, काही महिने लागतील. त्याने आवाज येईल. पण पहिल्यासारखा नाही. तिला तो नव्याने ओळखायला शिकावं लागेल."

"माझा आवाज?" त्याने विचारलं.

"सगळेच."

तो मान हलवत राहिला. जाता जाता त्याने तेवढ्यात विचारून घेतलं, अगदी हळू, बायको दाराबाहेर गेल्यावर. दोन वर्षांपूर्वीची ती टपली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "त्यानेच झालं असं कोणी म्हणू शकणार नाही," त्या म्हणाल्या. मग प्रामाणिक बाई होत्या म्हणून पुढे म्हणाल्या, "नाही झालं असंही नाही. हे कळायला मार्ग नाही. पण या वेळी कोणी टपली मारली होती का?"

नव्हती मारली. दोन वर्षं एकदाही मारली नव्हती. यावरून सुटका मानावी की काय मानावं, त्याला कळेना. दोन वर्षं जिवाचं रान करून जपलं ते जपण्याने राहणार नव्हतंच, एवढंच त्याला कळलं, आणि त्याला सगळ्यात जास्त रडू याचं आलं.

तीन-चार दिवसांनी दुपारी तो घरीच होता. आई बंद मशीनसमोर नुसतीच बसलेली. चालू करायचा तिला धीर होत नव्हता. भिंगरी खोलीभर बघत फिरत होती. मग बापासमोर येऊन उभी राहिली आणि बोलली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने बोलली, शेडमधल्या बाया बोलतात तशी.

"बाबा, तू माझ्यावर झाकण घातलंस ना?"

"काय?" तो म्हणाला. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"नीट झालेल्यालाच तू टपली मारतोस. माझा एक कान बिघडला तेव्हापासून मला नाही मारत." ती रडत नव्हती. एखादी जुनी, माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "मी भंगार आहे ना?"

आई ताडकन उठली. तो बोलायला लागला. नाही गं, नाही राणी, मी घाबरलो होतो, मीच त्या शनिवारी, मला वाटलं माझ्याच हाताने, आणि काय काय. दोन वर्षं कोंडलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. भिंगरी त्याच्या हलणाऱ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला त्यातलं एक अक्षर पोचत नव्हतं. जेव्हा तिला ऐकू येत होतं तेव्हा हा गप्प बसला होता. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो मध्येच थांबला.

टेबलावर आईचा खडू पडलेला होता, कापडावर खुणा करायचा. त्याने तो उचलला. समोर दप्तराचं निळं कापड पसरलेलं होतं, त्यावरच लिहायला लागला. लिहायची सवय नव्हती, अक्षर वेडंवाकडं.

*त्या शनिवारी मी तुला टपली मारली. दुसऱ्या दिवशी कान गेला. मला वाटलं माझ्यामुळे. भीती वाटली म्हणून बंद केली. तू भंगार नाहीस.*

आईने त्याच्या खांद्यावरून वाचलं. फणीची गोष्ट तिने त्याला सांगितली होती आणि त्याने तिला समजावलं होतं, ते दोघांनाही आठवलं असणार. तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

भिंगरी अक्षर अक्षर लावत वाचत होती, तोवर त्याचा हात सवयीने पुन्हा खिशात गेला होता. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं. मग कापडावरचा खडू तळहाताने पुसून टाकला, आई चुकलेली खूण पुसते तसा. बापाच्या खिशाकडे गेली. आत हात घालून त्याचा उजवा हात बाहेर ओढला. तीन बोटं दुमडली, दोन सरळ केली, आणि डोकं पुढे केलं.

त्याचा हात हलेना. डॉक्टरबाईंनी परवाच पुन्हा बजावलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत जपा. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने स्वतःच त्याचं मनगट धरलं आणि ती दोन बोटं आपल्या डोक्यावर टेकवली. केसही हलले नसतील एवढ्या हळू.

"जा, चाल आता," ती म्हणाली. तिला वाटलं ती पुटपुटतेय. शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेलं.

बोलून उपयोग नव्हता. हात तिथेच ठेवून तो उभा राहिला, आणि भिंगरी मान खाली घालून त्याला हवा तेवढा वेळ ठेवू देत होती.